चालू लाईनवर काम करणार नाही

जळगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

योगराजभाऊंना नूतनचा नमस्कार,

धुळ्याच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी पिंपळनेरला नेलं, हे काल डाळमिलमध्ये कळलं. लगेच फोन लावला. ममतावहिनी म्हणाल्या, तुमच्या कानात अजून आवाज नुसता घुमतो, फोनवरचं काही समजत नाही, आणि डॉक्टरांनी मोबाईलच्या उजेडाकडे बघायला मनाई केलीय. कानाशी बसून मोठ्यानं वाचलं तर ऐकू येतं म्हणाल्या. म्हणून पत्र लिहायला बसले. वहिनी, सावकाश वाचा हं. माझं अक्षर भाऊंना ठाऊक आहे, तुम्हाला पहिल्यांदा त्रास होईल.

भाऊ, इथे जो तो म्हणतो, योगराजला शॉक लागला. मी सांगून दमले. अहो, शॉक लागलाच नाही, करंट त्यांच्या अंगातून गेलाच नाही! तर लोक म्हणतात, मग जळाला कसा? तुम्हाला त्या दिवसाचं किती आठवतंय कोण जाणे, म्हणून मी पाहिलं ते लिहून ठेवते.

मेन पॅनलचा ब्रेकर तापत होता. बदलावा लागेल, असं तुम्हीच सकाळी म्हणालात. मी ऑफिसात जाऊन जीवराम मॅनेजरांना सांगितलं, बाहेरचा मेन बंद करू द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. ते मान वर न करता म्हणाले, "ड्रायरमध्ये ओली तूर भरलीय. आता बंद केलं तर सगळा माल काळा पडेल. योगराजला सांग, चालू लाईनवरच बसव. त्याला काय नवीन आहे?" मी तसंच येऊन सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात. मी पॅनलच्या उघड्या दाराआड टॉर्च धरून उभी राहिले. तुम्ही नट आवळत होता. पाना निसटला आणि तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये आडवा पडला.

वेल्डिंगची ठिणगी पाहतो ना आपण, तसा उजेड, पण अख्ख्या खोलीभर. आणि छातीवर कुणी फळी मारावी तसा दणका. हवेनंच पेट घेतला जणू. पट्ट्यांचं तांबं वितळून समोरच्या भिंतीवर उडालं. ते दार मध्ये नसतं तर मीही तुमच्या शेजारच्या खाटेवर असते. तुमचा शर्ट जळाला नाही भाऊ, वितळला. अंगाला चिकटला. मी ओढायला गेले तर तुम्ही "नको, नको" म्हणत होता.

भिंतीवर ते तांब्याचे शिंतोडे अजून आहेत. परवा चुना मारायला माणूस आला होता. मी दारात उभी राहिले, त्याला परत पाठवलं.

आता कामाचं. विद्युत निरीक्षक साहेब एकदा खोली बघून गेले. एप्रिलमध्ये जबाब घ्यायला येणार आहेत. जीवरामसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "योगराजनं कुणाला न विचारता पॅनल उघडलं, एवढंच बोलायचं." मी म्हटलं, "विचारायला तर मीच आले होते, तुमच्याकडे." तर म्हणाले, "मिलमध्ये बाई इलेक्ट्रिशियन ठेवली, हे मालकांना आधीच पटलं नव्हतं. विचार कर."

विचार करायचं काही नाही. मी खोटं बोलणार नाही. पण भाजलात तुम्ही, तेव्हा तुमचा शब्द आधी. काय बोलू ते कळवा.

आई तुमची रोज चौकशी करते. लवकर बरे व्हा.

नूतन


पिंपळनेर,
३ मार्च २०२५

चि. नूतन,

तुझं पत्र मिळालं. ममताच्या हातून लिहून घेतोय. हातांच्या पट्ट्या अजून निघाल्या नाहीत.

तू माझ्यासाठी भांडतेस, बरं वाटलं. पण आता पुरे कर. चूक माझीच होती असं समज. पाना माझ्या हातून निसटला हे काही खोटं नाही. मॅनेजर म्हणतात तसंच साहेबांपुढे सांग. मिलवाले माझ्या डोळ्याचं ऑपरेशन करून देणार आहेत, बरा झालो की गेटवर वॉचमनचं काम देणार आहेत. तू वाकडं बोललीस तर ते सगळं जाईल. मला घर आहे, लहान मुलगी आहे. तुझं तसं नाही.

मोठ्या भावाचं ऐक. यावर पुन्हा लिहू नकोस.

योगराज


जळगाव,
९ मार्च २०२५

योगराजभाऊ,

पुन्हा लिहू नकोस म्हणालात, तरी लिहितेय. शेवटचं समजा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वाटलं, हे दुसऱ्याच कुणाला लिहिलंय. मिलमध्ये मी नवी होते तेव्हा फोरमन मला स्विच बोर्ड पुसायला लावायचा. तुम्ही त्याच्या हातातलं फडकं घेऊन त्याच्याच खांद्यावर टाकलं होतं आणि म्हणाला होतात, "ही वायरमन आहे. पुसायचं तर दोघं पुसू." त्या माणसानं मला लिहावं, खोटं बोल?

ऐका, इथे काय चाललंय ते. जळलेल्या पॅनलला बाजूनं तात्पुरती केबल जोडून मिल चालू ठेवलीय. नवा ब्रेकर आलाय. परवा जीवरामसाहेब म्हणाले, बसव. मी विचारलं, मेन बंद? ते म्हणाले, हंगाम आहे. मी म्हटलं, मग चालू लाईनवर काम करणार नाही. एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. तेव्हापासून मला गोदामात बसवलंय, रिकामी पोती झटकायला. जाता-येता लोक बघतात. बघू देत.

मला घर नाही, मूल नाही, हे तुम्ही लिहिलंत. खरं आहे. पण भाऊ, तो ब्रेकर कुणीतरी बसवणारच. त्या कुणाचं तरी घर असेल. साहेबांपुढे मी म्हटलं की योगराजची चूक होती, तर उद्या त्याच खोलीत, त्याच चालू लाईनवर दुसरा उभा राहणार आणि त्याचीही चूकच ठरणार.

तुमचं ऑपरेशन माझ्यामुळे अडलं, तर तो सल मला जन्मभर राहील. तरीही मी खरंच बोलणार. तुम्हाला राग आला तर येऊ द्या.

नूतन


पिंपळनेर,
२० मार्च २०२५

नूतनताई,

हे पत्र माझं आहे, ममताचं. आधीचंही माझंच होतं.

तुमचं पहिलं पत्र आलं ते मी त्यांना वाचून दाखवलं, पण अर्धंच. तुमचा नमस्कार, आईंची चौकशी, लवकर बरे व्हा, एवढंच. मधलं सगळं गाळलं. उत्तर मी माझ्या मनानं लिहिलं. त्याआधी जीवराम मॅनेजर आम्हाला दवाखान्यात भेटले होते. यांना गुंगीचं औषध दिलेलं होतं. मॅनेजर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि ऑपरेशनचं, वॉचमनच्या कामाचं बोलले. म्हणाले, "त्या पोरीनं तोंड उघडलं तर मालकांच्या हाती काही राहणार नाही." मी घाबरले, चूक यांचीच असं कबूल करून बसले. रोज पट्टी बदलताना यांचं ओरडणं ऐकत होते. मला वाटलं, कुणी डोळा वाचवतं म्हणतंय, तर चूक कुणाची याला काय चाटायचंय?

तुमचं दुसरं पत्र आलं ते तर वाचूनच दाखवलं नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलं. हे रोज विचारायचे, "नूतनचं काही आलं?" मी मान हलवायची. नाही.

मग परवा मॅनेजर स्वतः आले. गाडी घेऊन, सफरचंदांची पिशवी घेऊन. ओट्यावर खाटेशेजारी बसले. गल्लीतले चार लोक जमले. मॅनेजर यांना म्हणाले, "योगराज, तू समजूतदार आहेस. चूक झाली ती तू मान्य केलीस, बरं केलंस." यांना ऐकू आलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणतात साहेब? कानाशी सांग."

मी हळू सांगितलं. ऐकू गेलं नाही. "मोठ्यानं," म्हणाले.

ताई, मला ते ओरडून सांगावं लागलं. साऱ्या गल्लीसमोर, त्यांच्या भाजलेल्या कानाला तोंड लावून. "ते म्हणतात, चूक तुमची होती! तुम्ही कबूल केलीत!" मनात ते वाक्य मी किती दिवस सहज बोलत होते. तोंडातून मोठ्यानं बाहेर पडलं तेव्हा माझं मलाच ऐकवेना.

मग सासूबाई चुलीपासून उठून आल्या. विचारू लागल्या, "काय सांगस तो? माले बी सांग." मी सांगितलं. त्या मॅनेजरांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मना पोरनी चूक शे? मंग तू इतला लांब फळं लिसन कसाले उना?"

चूक पोराची, तर एवढ्या लांब फळं घेऊन कशाला आलास, हा प्रश्न टाळून मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमचं-आमचं बोलणं झालंय." मी आत गेले, डब्याखालून तुमची दोन्ही पत्रं काढली, बाहेर आणली आणि यांच्या कानाशी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मॅनेजर समोर असताना. एक शब्द सोडला नाही. "ड्रायरमध्ये ओली तूर भरलीय" इथे आले तेव्हा गल्लीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मॅनेजर उठले. पिशवी मी त्यांच्या गाडीत ठेवून आले.

त्या दिवशी हे माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, कागद आण. पुढचं त्यांचं आहे, ते सांगतात तसंच लिहिते.

नूतन,

माझ्या नावानं गेलेलं पत्र फाडून टाक. ममतावर रागावू नकोस. मीही रागावून पाहिलं, जमलं नाही.

मला सगळं आठवतं. उजेड पापणी मिटली तरी दिसत होता. साहेबांपुढे खरं सांग, पण सगळं खरं. तू बंद करायला मागितलं, त्यांनी नाही म्हटलं, मी "बरं" म्हणालो. माझं ते "बरं" लपवू नकोस. इतकी वर्षं चालू लाईनवर काम केलं, काही झालं नाही, लोक म्हणायचे योगराजचा हात बसलेला आहे, आणि मला ते आवडायचं. त्या भडक्याला हात कुणाचा आहे ते कळत नाही. मिलनं आम्हाला तोंडावर धरायला काच दिली नाही, अंगावर जाड सुती कोट दिला नाही, आणि मागावा हे मला कधी सुचलं नाही. हेही सांग.

ब्रेकर चालू लाईनवर बसवायला नकार दिलास ना? पोती झटकत बस. ते माझ्या आजवरच्या कामापेक्षा मोठं काम आहे.

जबाबाच्या दिवशी मी जळगावला येतो. माझं तोंड त्यांना बघू दे.

योगराज


जळगाव,
२७ मार्च २०२५

योगराजभाऊ, ममतावहिनी,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. भाऊंच्या आईंचं, चमेलीआजींचं बोलणं तिनं मला दोनदा म्हणायला लावलं आणि हसता हसता डोळे पुसले. वहिनी, माझा राग नाही. तुमच्या जागी मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. तुम्ही मॅनेजरपुढे बसून ते वाचलंत, एवढं मला पुरे आहे.

आता माझी बातमी. मी नोकरीवर आहे की नाही हे मला नक्की सांगता येत नाही. झालं असं.

सोमवारी मॅनेजरांनी बाहेरून भटू नावाचा कॉन्ट्रॅक्टर आणला, ब्रेकर बसवायला. माणूस वाईट नाही, कामाला चपळ आहे. मी गोदामातून पाहिलं, तो चपला घालून, उघड्या हातांनी, गुटखा चघळत पॅनल रूममध्ये शिरला. मी मागोमाग गेले. म्हटलं, "दादा, भिंत बघा आधी." त्यानं तांब्याचे शिंतोडे पाहिले, हसला, "आपल्याला सवय आहे."

भाऊ, हेच शब्द मी याआधी तुमच्याही तोंडून ऐकले होते. माझ्या डोक्यात सणक गेली. मी बाहेर पळाले, यार्डातला मेन खाली ओढला, त्याच्या कडीत माझ्या स्कूटीचं कुलूप अडकवलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधून कमरेला खोचली. मिल थांबली. आवाज असा एकदम गेला की कानच बंद झाल्यासारखं वाटलं.

मग जे व्हायचं ते झालं. मॅनेजर धावत आले. "कुलूप काढ!" मी म्हटलं, "काढते. आधी ब्रेकर बसू दे." ते म्हणाले, "पोलीस बोलावतो." मी म्हटलं, "बोलवा. त्यांनाही भिंत दाखवते." यार्डाच्या फाटकाला पाठ टेकून उभी राहिले.

तेवढ्यात डाळ निवडणाऱ्या बाया बाहेर आल्या. पुढे सुगंधाबाई. त्या कधी कुणाशी वर तोंड करून बोलत नाहीत. त्या माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि मॅनेजरांना म्हणाल्या, "आम्ही बठ्ठ्या आठेच बसतस. पोरगीले हात लाईसन दखा." इथेच बसतो, पोरीला हात लावून तर बघा, म्हणत एकेक करून सगळ्या बसल्या. मग हमाल आले. ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

भटू मधेच उभा होता. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, गुटखा थुंकला, टेस्टर काढला आणि मॅनेजरांना म्हणाला, "बंदच झालीय तर बसवून टाकतो ना साहेब. मलाही बरंय." मी त्याच्यासोबत आत गेले. पट्ट्या तपासल्या, वीज नाही, पुन्हा तपासल्या. ब्रेकर बसला. किती साधं काम हो! बाहेर आम्हाला चहा पिऊन व्हायच्या आत उरकलं. मी कुलूप काढलं, मेन वर केला, मिल सुरू झाली. ड्रायरमधली तूर पाहिली. पिवळीधमक होती. एक दाणा काळा पडला नव्हता.

संध्याकाळी मला सांगितलं, पुढचं कळवेपर्यंत यायचं नाही. मी म्हटलं, जबाबाच्या दिवशी तर येणार. त्या दिवशी मला निरीक्षक साहेबांनी बोलावलंय, तुम्ही नाही.

आठ एप्रिल तारीख ठरलीय. भाऊ, तुम्ही येताय ना?

नूतन


धुळे,
२ एप्रिल २०२५

नूतनताई,

घाईत लिहिते. मानेवरची कातडी पुन्हा चिघळली, ताप भरला, म्हणून यांना परत धुळ्याला आणून दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरांनी डावा डोळाही तपासला. म्हणाले, ऑपरेशन करूनही त्याची नजर परत येणार नाही. उजवा वाचेल. मिलवाले जे ऑपरेशन करून देणार होते, ते मुळात होण्यासारखंच नव्हतं. मला हे आता कळलं. मी खाली पायरीवर जाऊन थोडं रडले आणि वर येऊन यांना सांगितलं, यावेळी सगळं. हे म्हणाले, "बरं झालं. आता त्यांच्याकडे मला द्यायला काही नाही."

आठ तारखेला यांना सोडणार नाहीत. सासूबाई इथे थांबतील. मी येते. मी तिथे काही पाहिलं नाही, पण मला जे सांगायचंय ते माझंच आहे. सोबत एक वस्तू आणते.

सकाळच्या एसटीनं येईन. स्टँडवर थांबा. जळगाव मी एकटीनं कधी पाहिलं नाही.

ममता


जळगाव,
८ एप्रिल २०२५

योगराजभाऊ,

वहिनी आज आमच्याकडेच मुक्कामाला आहेत. आईनं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली, त्या पोटभर जेवल्या आणि आता आईशी गप्पा मारतायत. सकाळी हे पत्र घेऊन त्या धुळ्याला येतील आणि तुम्हाला वाचून दाखवतील. यात त्यांचं कौतुक आहे. ते वाचताना त्या लाजतील. ऐकून घ्या.

निरीक्षक साहेब मालकांच्या खोलीत बसले होते. मालक, जीवरामसाहेब, मी, आणि दाराशी भटू, त्यालाही बोलावलं होतं. आधी जीवरामसाहेब बोलले. योगराजनं न विचारता उघडलं, निष्काळजीपणा. छान पाठ होतं त्यांचं. मग मी. तुम्ही सांगितलं तसंच, सगळं खरं. तुमचं "बरं"सुद्धा. साहेबांनी विचारलं, "म्हणजे तो स्वतःहून तयार झाला?" मी म्हटलं, "साहेब, मॅनेजरनं हुकूम पाठवला आणि कामगार बरं म्हणाला. याला स्वतःहून म्हणत असतील तर हो." साहेबांनी लिहून घेतलं. तेवढ्यानं काय होणार, माझा एकटीचा शब्द. मॅनेजर म्हणालेच, "हिला आम्ही कामावरून थांबवलंय, त्याचा राग काढतेय."

मग वहिनी आत आल्या. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. साहेबांनी विचारलं, "तुम्ही तिथे होता का?" त्या म्हणाल्या, "नाही साहेब. मी दवाखान्यात होते. हे मॅनेजर तिथे आले होते. माझा नवरा शुद्धीत नसताना त्याची चूक त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतली. जो डोळा बरा होणारच नव्हता, त्याच्या ऑपरेशनचं नाव सांगून." जीवरामसाहेब उठले, "ही बाई काहीही..." वहिनी त्यांच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. पिशवीतून शर्ट काढून टेबलावर ठेवला.

भाऊ, तुमचा तो शर्ट. दवाखान्यात कापून काढलेला. बाह्या वितळून प्लास्टिकसारख्या कडक झालेल्या, खिशावर मिलचं नाव अजून वाचता येत होतं. वहिनी म्हणाल्या, "हा मिलनं दिलेला ड्रेस आहे. घातला नाही तर खाडा लावायचे. हा अंगाला चिकटला, म्हणून कातडी गेली. सुती असता तर इतकं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले."

साहेबांनी शर्ट हातात घेतला, कापड चोळून पाहिलं. मग जीवरामसाहेबांना विचारलं, "तुमच्या अंगावर काय आहे?" पांढरा सुती शर्ट होता, इस्त्रीचा.

मग भटू न विचारता दारातून बोलला. "साहेब, मलाही चालू लाईनवरच बसवायला सांगितलं होतं. या ताईनं मेन ओढला म्हणून मी आज इथे उभा आहे." त्यानं हे बोलावं असं मी त्याला सांगितलं नव्हतं. पुढचं काम त्याला या मिलमध्ये मिळणार नाही, हे त्याला कळत असणार.

साहेब उठून पॅनल रूममध्ये गेले. भिंतीवरचे शिंतोडे पाहिले. परत येऊन मालकांना सांगितलं, मेन बंद करून कुलूप लावल्याशिवाय कुणीही पॅनल उघडायचं नाही, तसा लेखी हुकूम येईल, अहवालात जे पाहिलं तेच जाईल. मालकांनी मला विचारलं, "सोमवारपासून येतेस?" मी म्हटलं, "येते. कुलपाची किल्ली माझ्याकडे राहील." ते काही बोलले नाहीत. मी ते हो समजले.

एसटी स्टँडवर उतरल्यापासून वहिनींनी माझा हात धरला होता. मिलच्या फाटकातून बाहेर पडल्यावर सोडला. मग म्हणाल्या, "रिक्षा नको. चालत जाऊ."

नूतन


पिंपळनेर,
६ जुलै २०२५

चि. नूतन,

हे माझ्या हातचं अक्षर. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, म्हणून ओळी टेकडी चढल्यासारख्या जातात. ममता म्हणाली मी लिहिते. मी म्हटलं, आता नको.

कामगार न्यायालयात आपला भरपाईचा दावा दाखल झाला. परवा मिलच्या वकिलाचा माणूस येऊन गेला. गेटवरचं वॉचमनचं काम अजून देतो म्हणाला, दावा मागे घेतला तर. मी सांगितलं, मी वायरमन आहे. एका डोळ्यानं पॅनल उघडणार नाही, पण उघडणाऱ्याच्या शेजारी उभं राहून मेन बंद आहे का, हे विचारण्याएवढं मला दिसतं. ते काम देत असाल तर या. नसेल तर कोर्टात भेटू. तो म्हणाला, असं काम मिलमध्ये नसतं. मी म्हटलं, म्हणूनच तर मी असा दिसतो.

आपला वकील भला आहे. म्हणाला, प्रत्येक तारखेला इतक्या लांबून यायला नको, चेहऱ्याचे फोटो जोडलेत, तेवढे पुरे. उन्हात ही कातडी तडकते, घाम आला की आग होते, हे त्याला ठाऊक आहे. मी त्याला सांगितलं, फोटो पाहून लोक मान फिरवतात आणि पान उलटतात. मी समोर उभा राहिलो तर पान उलटता येणार नाही. प्रत्येक तारखेला मी येणार. तोंडाला रुमाल न बांधता.

पहिली तारीख २१ जुलैची आहे. आई मुलीला सांभाळेल. ममता सोबत येते, आता जळगाव तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती विचारतेय, उतरल्यावर आधी नूतनच्या घरी जायचं का, हातपाय धुऊन, चहा घेऊन मग कोर्टात जाऊ.

मी सांगितलं, आधी कोर्टात.

योगराज